गुलाब धकातेचा तिसरा पुकारा

कोर्टात नोकरीला होते म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर हसू येतं. "म्हणजे ते 'हाजिर हो' ओरडायचं काम?" नागपूरच्या दिवाणी कोर्टात मी एकतीस वर्षं पट्टेवाली होते. दारात उभी राहून हजारो माणसांची नावं पुकारली, पण 'हाजिर हो' एकदाही म्हटलं नाही. ते सिनेमातल्या लोकांचं काम. आमचं काम साधं. त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, तिला आम्ही बोर्ड म्हणतो, सकाळी भिंतीवर लावायची. आत साहेबांनी प्रकरण हाती घेतलं की दारात येऊन दोन्ही बाजूंची नावं मोठ्यानं घ्यायची. कोणी आलं नाही तर पुन्हा घ्यायची, तरीही नाही तर तिसऱ्यांदा. मग आत जाऊन सांगायचं, "हजर नाही." एवढंच. पण त्या दोन शब्दांवर एखाद्याचा दावा निकालात निघतो, म्हणून घसा साफ ठेवायचा आणि नाव चुकवायचं नाही.

माझा घसा मुळातच दणदणीत. सासर बेस्याचं. बेसा तेव्हा खेडं होतं, आता आमच्या तुरीच्या वावरात लिफ्टची इमारत उभी आहे. वावराच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर हाक मारायची सवय मला कोर्टात कामी आली. ही नोकरी माझ्या नवऱ्याची. ते त्याच कोर्टात शिपाई होते. कावीळ झाली आणि आठ दिवसांत गेले. मृत्यूचा दाखला, अर्ज, पुन्हा अर्ज, असं करत दीड वर्षानं मला त्यांच्या जागी घेतलं. पहिल्या दिवशी मी पहिलं नाव पुकारलं तेव्हा व्हरांड्यातले सगळे वकील वळून पाहायला लागले. बाई पुकारते हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पदर सावरून मी दुसरं नाव पुकारलं, आणखी मोठ्यानं.

दाराचा कायदा मला पहिल्याच आठवड्यात शिकायला मिळाला. मळक्या धोतरातला एक म्हातारा आत येऊन शेवटच्या बाकावर बसला. मी विचारलं, "बाबाजी, तुमची केस कोणती?" तो म्हणाला, "केस नाही वं बाई. असाच बसाले आलो." मी त्याला हुसकून बाहेर काढलं आणि आपण फार चोख काम केलं या समजुतीत राहिले. कोर्ट उठल्यावर साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, "भोयरबाई, हे खुलं न्यायालय आहे. ज्याची केस नाही तोही इथं बसू शकतो. असा एखादा माणूस पाहत बसला की मीसुद्धा जरा नीट वागतो." नवराबायकोची भांडणं, लेकरांचे ताबे अशा काही प्रकरणांत दार लावून घ्यावं लागतं, तेवढं सोडलं तर दार उघडंच असलं पाहिजे, हेही त्यांनीच सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी सुताराकडून लाकडाची एक पाचर आणली आणि दाराखाली ठोकली. तो म्हातारा पुढं कितीतरी उन्हाळे येत राहिला. कूलरच्या झोतात बसून झोपायचा. घोरायला लागला की मी त्याला हलवायचे. ऐकायची मुभा सगळ्यांना आहे, घोरायची नाही.

दार असं सताड उघडं असलं तरी त्याच्या आधी एक खिडकी लागते. दावा घेऊन आलेल्या माणसाला पहिल्यांदा तिथं उभं राहावं लागतं. खिडकीमागचा बाबू कोर्ट-फीची तिकिटं, नकला, सह्या, तारखा सगळं तपासतो. काही कमी असलं तर कागद परत. ऐकायला कोणीही यावं, पण सांगायला यायचं तर आधी पात्र ठरावं लागतं. आमच्या खिडकीवर कापसेबाबू होते. माणूस देवासारखा सरळ आणि देवासारखाच ऐकून न घेणारा.

एका दुपारी जिल्ह्यातल्या खापा गावची एक बाई माझ्या दाराजवळच्या बाकावर येऊन बसली. पस्तिशीची असेल, खांद्यावर कापडी पिशवी. बराच वेळ माझ्याकडे पाहत होती. मी मोकळी झाल्यावर जवळ आली आणि विचारलं, "ताई, नवरा मेला असं लिहून कोण देते वं?"

मी म्हटलं, "दवाखाना देते, नगरपरिषद देते. कधी वारले?"

"तेच तं माहीत नाही," ती म्हणाली.

ती प्रमिला धकाते. घराणं विणकरांचं. सासऱ्याच्या पाठीमागं माग बंद पडला, म्हणून नवरा गुलाब लकडगंजात लाकडाच्या आऱ्यावर कामाला लागला. आठवडाभर तिथंच राहायचा, रविवारी खाप्याला यायचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शहरात मारबत निघते. काळी आणि पिवळी अशा दोन मोठ्या बाहुल्या मिरवत नेतात, 'घेऊन जा गे मारबत' म्हणून लोक रोगराईपासून महागाईपर्यंत सगळी पीडा तिच्या पाठीशी लावून देतात. गुलाब "मारबत पाहून येतो" म्हणून आऱ्यावरून निघाला तो त्या गर्दीत गेला आणि परत आलाच नाही. पोलिसांत नोंद झाली, दवाखाने पाहिले, धर्मशाळा पाहिल्या. काही नाही.

घर गुलाबच्या नावावर. मागची भिंत पडलेली, तिथं ताडपत्री. घरकुल मंजूर व्हायचं तर मालकाची सही पाहिजे, नाहीतर मालकाचा मृत्यूचा दाखला पाहिजे. प्रमिला शाळेचे गणवेश शिवून दोन लेकींना आणि सासूला सांभाळत होती. मला म्हणाली, "सही आणू कुठून आन् दाखला आणू कुठून? हळदीकुंकवाले बाया बोलावते, मंग मले पाहून कुंकवाचा करंडा हातातच धरून ठेवते. लावावं की नाही, त्याहिलेच समजत नाही."

मला या नोकरीत आणलं ते नवऱ्याच्या मरणाच्या दाखल्यानं. एवढासा कागद, पण माझ्याकडे तो होता.

मी तिला ऐकून ऐकून माहीत झालेला कायदा सांगितला. ज्यांना एखाद्या माणसाची खबर लागायला हवी, त्यांनाच सात वर्षं त्याची काही खबर नसेल, तर कोर्ट तो मेला असं धरू शकतं. सात वर्षं भरल्याशिवाय मात्र येता येत नाही.

तिनं बोटं मोजली. "यंदाची मारबत सहावी झाली. पुढच्या मारबतीले सात होते."

"मग मारबत झाली की ये," मी म्हणाले.

हे वाक्य मला आजही टोचतं. सगळा जन्म तारखांमध्ये घालवलेली बाई मी, पण पोळा-मारबतीचं नाव निघालं आणि मीही वावरातल्यासारखाच हिशेब केला. पोळा दरसाल त्याच इंग्रजी तारखेला येत नाही. कधी सप्टेंबरात येतो, कधी ऑगस्टातच उरकतो. पुढच्या साली मारबत झाली आणि तिसऱ्या दिवशी प्रमिला दावा घेऊन खिडकीवर हजर. कापसेबाबूंनी पोलिसांच्या कागदावरची तारीख पाहिली, कॅलेंडर पाहिलं आणि दावा परत केला. सात वर्षांना अजून दिवस बाकी होते. मारबतीपासून धरले तर सतरा.

मी खिडकीशी जाऊन भांडले. "बाबू, सात वर्षं वाट पाहिली तिनं. सतरा दिवसांनी काय तो परत येणार आहे?"

"आला तर?" कापसेबाबू म्हणाले.

पण त्या सतरा दिवसांत घरकुलाची त्या सालची यादी बंद झाली. दावा लागल्याचा कागद दाखवला असता तर नाव धरलं असतं. माझ्या एका वाक्यावर विसंबून प्रमिलानं यंदाच्या यादीची आशा धरली होती, आणि दोन लेकींनी आणखी एक साल ताडपत्रीखाली काढलं. मी प्रमिलाची माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या ताई, माय तं खूश हाय."

माय म्हणजे तिची सासू, भागाबाई. खाप्याच्या घरी ती म्हणाली होती, "सरकार म्हणते ना, आणखी सतरा दिवस माहा गुलब्या जित्ता हाय. राहू दे त्याले जित्ता."

शेवटी दावा लागला. अशा दाव्यात एक विचित्र गोष्ट असते, बाहेरच्यांना ती सांगितली की खरी वाटत नाही. जो हरवला आहे त्यालाच प्रतिवादी करतात. म्हणजे गुलाब मेला असं ठरवून द्या असा दावा, आणि तो गुलाबच्याच विरुद्ध. त्याला समन्स जातं. बेलीफ शेवटच्या पत्त्यावर जाऊन 'राहत नाही' असा शेरा घेऊन येतो. मग वर्तमानपत्रात जाहीर नोटीस. आणि तारखेला दारात त्याच्या नावाचा पुकारा. गुलाब प्रतिवादी एक, आणि त्याची वारस म्हणून भागाबाई प्रतिवादी दोन.

वादी आणि प्रतिवादी खाप्याहून एकाच एसटीनं येत. कोर्टात बाकाच्या दोन टोकांना बसत. मधल्या सुट्टीत मात्र एकाच डब्यातून पोळी-भाजी खात. कोणी कोणाला आग्रह केला हे मी दुरून पाहत असे.

पहिल्या तारखेला मी पुकारलं, "गुलाब मारोतराव धकाते!" भागाबाई बाकावरून ताडकन उठली आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन खाली पाहायला लागली. खालून एक झेरॉक्सवाला वर आला, बाकी कोणी नाही. त्यानंतर तिनं एकही तारीख चुकवली नाही. नुसती पुढची तारीख पडायची असली तरी यायची. मी एकदा म्हटलं, "आजी, तुम्ही कशाला एवढी दगदग करता?"

"काहून नाही करू?" ती म्हणाली. "इथी काटोलचे लोक येते, उमरेडचे येते, रामटेकचे येते. साऱ्या जिल्ह्यात असं मोठ्यानं त्याचं नाव कोण घेते सांग? कोणी तरी आयकंल. त्याले जाऊन सांगंल, की बाबा, तुले कोर्टात पुकारून राहिले."

लोकांनी पाहावं, ऐकावं म्हणून कोर्टाचं दार उघडं असतं, एवढंच मी इतकी वर्षं धरून चालले होते. त्या दारातून हरवलेला लेक ऐकेल, असा उपयोग तिनं एकटीनंच शोधून काढला होता.

पण खरा धोका तिच्यापासूनच होता. कोणीतरी तिला सांगितलं होतं की गुलाबला सुरतेत पाहिलं. सांगणारा कोण, कधी पाहिलं, काही पत्ता नाही. तिनं कोर्टात उभं राहून 'मला लेकाची खबर आहे' एवढं म्हटलं असतं, तर प्रमिलाचा दावा तिथंच ढेपाळला असता. मॅडमनी, म्हणजे आमच्या न्यायाधीशबाईंनी, तिला दोनदा विचारलं, "आजी, तुम्हाला काय सांगायचं आहे?" दोन्ही वेळा ती म्हणाली, "पुढच्या तारखेले सांगीन."

याच सुमाराला आमच्या कोर्टहॉलमध्ये एसी आला. उन्हाळ्यात नागपुरात कोर्ट चालवणाऱ्याला एसीची किंमत विचारा, मी त्याला वाईट म्हणणार नाही. पण एसी आला तशी माझी पाचर गेली. दार बंद. दाराबाहेर लाल आकड्यांचा बोर्ड लागला. नंबर उजळला की आत जायचं. मला सांगण्यात आलं, "आता एवढं ओरडायची गरज नाही, हळू सांगितलं तरी चालेल." तरणे वकील खूश झाले. भागाबाईला आकडे वाचता येत नव्हते. ती त्या लाल दिव्यांखाली बसून माझ्या तोंडाकडे पाहत राहायची.

मग ती तारीख आली. वर्तमानपत्रातली नोटीस छापून झाली होती. आज तीन पुकारे होणार, गुलाब आला नाही तर दावा त्याच्याशिवाय पुढं चालणार, आणि आज भागाबाईला काय ते सांगावंच लागणार. सकाळी मी घरून निघताना जुनी पाचर पिशवीत टाकली. नंबर लागला तसं दार पूर्ण उघडलं आणि पाचर ठोकली. आतला गारवा बाहेर, बाहेरचा मे महिना आत. स्टेनोबाई कुरकुरल्या. मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "राहू द्या उघडं."

मी दारातून नाही, चार पावलं पुढं जाऊन जिन्याच्या कठड्याशी उभी राहिले. पहिला पुकारा केला, "गुलाब मारोतराव धकाते!" खालच्या आवारात चहावाल्याभोवतीची माणसं वर पाहायला लागली. दुसरा केला. कोणी हललं नाही.

तेवढ्यात भागाबाईनं माझा दंड धरला. "तू असं काहून पुकारते वं?" ती चिडून म्हणाली. "गुलाब मारोतराव! असं त्याले कोणी बोलावलं जन्मात? तो ओळखंल तरी कसा, की मलेच बोलावून राहिले म्हणून?"

"मग काय म्हणू आजी?"

"गुलब्या म्हण. मी काय म्हणत जाय? 'गुलब्या रे, ये रे घरी, जेवाले वाढलं.' असं म्हण. माहा आवाज आता नाही पोचत."

नियमाप्रमाणे दाव्यातलं नाव जसंच्या तसं घ्यायचं असतं. इतक्या वर्षांत मी कोणाचं आडनावसुद्धा गाळलं नव्हतं. प्रमिला भिंतीला टेकून उभी होती, तिनं तोंडाला पदर लावला. मी कठडा धरला, बेस्याच्या धुऱ्यावर उभी असल्यासारखा श्वास भरला आणि हाक मारली.

"गुलब्या रेऽऽ! ये रे घरी, जेवाले वाढलं!"

शेजारच्या कोर्टातलं कामकाज थांबल्याचं मला नंतर कळलं. आवारातल्या झाडाखाली बसलेला एक माणूस उठून उभा राहिला, पण तो नुसता धोतर झटकून पुन्हा बसला. आम्ही तिघी तिथं उभ्या राहिलो. पुकाऱ्यानंतर किती वेळ थांबायचं हे कुठं लिहिलेलं नाही. भागाबाई म्हणेपर्यंत मी थांबले.

तिनं बऱ्याच वेळानं माझा दंड सोडला. "नाही येत," ती म्हणाली. "चाल आत."

मी आत जाऊन "हजर नाही" म्हणाले. मॅडमनी विचारलं, "भोयरबाई, तिसरा पुकारा कोणाच्या नावानं केलात?"

"त्याच माणसाच्या, मॅडम."

त्यांनी रोजनाम्यात लिहून घेतलं, तीनदा पुकारा केला, प्रतिवादी एक गैरहजर. मग भागाबाईकडे वळल्या. ती साक्षीचा कठडा धरून उभी राहिली आणि कोणी विचारायच्या आधीच बोलली, "सात वर्षांत माह्या लेकाची मले काही खबर नाही. सुरतेचं लोक म्हणते, ते सांगोसांगी हाय. जित्ता असता तं ही हाक आयकून आला असता. लिहा साहेब, काय लिहाचं ते."

निकाल पुढं दोन महिन्यांनी लागला. हुकुमाची नक्कल हातात घेऊन प्रमिला बाकावर बसली आणि रडली. इतक्या तारखांत तिला रडताना मी पाहिलं नव्हतं. भागाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. जरा वेळानं प्रमिलानं मला विचारलं, "ताई, आता मंगळसूत्र काढा लागते का वं?" मी नक्कल हातात घेतली, दोन्ही पानं उलटून पाहिली आणि सांगितलं, "यात तसं काही लिहिलेलं नाही."

मी निवृत्त झाले त्या साली त्यांचं घरकुल पूर्ण झालं. मला आमंत्रण आलं तशी मी खाप्याला गेले. दोन खोल्या, पक्क्या भिंती, निळा दरवाजा. जेवणं झाल्यावर भागाबाई दारात पाय पसरून बसली. एकदम म्हणाली, "तुह्यावाल्याले पुकारलं होतं का वं कोणी?"

मी म्हटलं, "त्यांचा दाखला होता आजी. पुकारायची गरज पडली नाही."

"दाखल्यानं काय होते? हाक तं मारा लागते. काय म्हणत जाय तू त्याले?"

मला हसू आलं. हजारो पुरुषांची नावं मी भर व्हरांड्यात घेतली, पण माझ्या नवऱ्याचं नाव लग्नातल्या उखाण्यानंतर तोंडातून काढलं नव्हतं. आमच्या पिढीत ते घेत नसत. "काही नाही," मी म्हटलं. "नुसतं अहो."

"मंग तेच पुकार," भागाबाई म्हणाली. "दार उघडंच हाय."

थट्टेवारी नेता येईल असं वाटलं, पण ती थट्टा करत नव्हती. प्रमिलाही हातातली भांडी ठेवून बाहेर आली. मी उठले, निळ्या दरवाजात उभी राहिले आणि पुकारलं. "अहोऽऽ!"

गल्लीतून जाणारे दोन म्हातारे एकदम थांबले आणि दोघांनीही वळून पाहिलं. भागाबाई इतकी हसली की तिला ठसका लागला, प्रमिला हसली, मी पण हसले. मग ते हसणं माझ्या हातून निसटलं आणि मी तिथंच पायरीवर बसून, बत्तीस वर्षं राहून गेलेलं, पोटभर रडून घेतलं. त्या दोघी माझ्या दोन बाजूंना बसून राहिल्या. दार कोणीच लावलं नाही.